एका शिक्षकामागे किती मुलं?

माध्यमिक स्तरावर भारतात एका शिक्षकामागे सरासरी २१ विद्यार्थी आहेत (यूडायस प्लस, २०२४-२५). ओईसीडी देशांत हाच आकडा १३च्या आसपास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची मर्यादा ३०. म्हणजे कागदावर आपण पास!

पण सरासरी वर्गात बसत नाही. समजा, मुलुंडच्या एका शाळेत नववी-दहावीच्या चार तुकड्या, प्रत्येकीत ५० मुलं आणि शिक्षक ८. गुणोत्तर २५, तरी फळ्यासमोर ५० मुलंच.

देशांची तुलना करताना युनेस्को ‘पात्र’ शिक्षकांचं गुणोत्तर वेगळं काढते. पात्रतेचे निकष मात्र ज्या-त्या देशाचे, त्यामुळे आकडे जपूनच शेजारी ठेवावेत. आपल्याकडे नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. लागतं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आठवीपर्यंतच. शिक्षण हक्क कायद्याची ३० व ३५ची मर्यादाही आठवीलाच थांबते.

अंधेरी-बोरिवलीच्या अनुदानित शाळांत पदं ठरतात ती संचमान्यतेवर, म्हणजे पटानुसार मिळणाऱ्या शिक्षकपदांच्या मंजुरीवर. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ होतो, दुसऱ्या शाळेत समायोजनाला जातो. मग गणिताच्या बाईंनीच विज्ञान शिकवलं, तरी गुणोत्तराला त्याचा पत्ता नसतो.