रेघांची भाषा आणि कारखान्याचा हिशेब

साबणाची वडी असो, बिस्किटांचा पुडा असो की वहीचे मागचे पान असो, काळ्यापांढऱ्या रेघांचा तो लहानसा चौकोन आता कुणालाच नवा राहिलेला नाही. दुकानदार त्यावर लाल उजेड टाकतो, यंत्र आवाज करते आणि बिलावर किंमत उमटते. दुकानातील हा उपयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तीच वस्तू दुकानात येण्यापूर्वी, कारखान्यात तयार होत असताना, या रेघा काय काम करतात याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर ती असावयासच हवी. वर्षअखेरीस ताळेबंदात 'शिल्लक माल' म्हणून जो आकडा आपण निमूटपणे उतरवून घेतो, त्याचा उगम कारखान्याच्या याच जमिनीवर असतो.

ग्वाल्हेर म्हटले की किल्ला, तानसेनाची समाधी आणि शिंद्यांचा राजवाडा एवढेच बाहेरच्या लोकांना आठवते. पण आमचे ग्वाल्हेर हे गिरणीचेही गाव होते. १९२१ साली बिर्लांनी येथे जियाजीराव कॉटन मिल काढली आणि तिच्याभोवती बिर्लानगर वसले. ती गिरणी आता बंद आहे. आजचे मोठे कारखाने शहराबाहेर गेले आहेत. भिंडच्या रस्त्यावर मालनपूर आणि मुरैनाच्या रस्त्यावर बानमोर, अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. बानमोरला जे. के. टायर कंपनीचा कारखाना १९९१ साली सुरू झाला. याच कंपनीने १९९७ मध्ये म्हैसूरचा विक्रांत टायर्स हा कारखाना आपल्याकडे घेतला, हे कन्नड विभागाच्या वाचकांना ठाऊक असेलच. तेव्हा कारखान्यातील बारकोड समजून घेण्यासाठी टायरचेच उदाहरण घेऊ.

टायर एका साच्यात रबर ओतून बनत नाही. आतले अस्तर, दोऱ्यांचे थर, कडेच्या पोलादी तारांची कडी, वरचे पट्टे आणि जमिनीला लागणारा जाड भाग असे अनेक तुकडे एका यंत्रावर एकमेकांवर चढवून प्रथम कच्चा टायर तयार करतात. त्यावर नक्षी नसते आणि तो मऊ असतो. नंतर तो दाबयंत्रात जातो. तेथे साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेत रबर व गंधक यांचा संयोग होऊन टायर पक्का होतो. आता अडचण अशी, की एकाच मापाचे शेकडो कच्चे टायर दिसायला अगदी सारखे असतात. कोणता कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत, रबराच्या कोणत्या घाण्यातून बनला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून टायर उद्योगात कच्च्या टायरच्या कडेलाच बारकोडची एक खास पट्टी चिकटवतात. ती दाबयंत्रातील उष्णता सोसते आणि रबराशी एकजीव होऊन जाते. पुढे तपासणी, वजन, वर्गवारी, गोदाम अशा प्रत्येक ठिकाणी ती वाचली जाते. उद्या एखादा टायर सदोष निघाला, तर त्याच घाण्यातले बाकीचे टायर कोठे गेले हे शोधता येते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या दृष्टीने ही गोष्ट जीवनमरणाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता या रेघांचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी १९४९ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये ते त्यांना मिळाले. वुडलँडला तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. समुद्रकाठी बसला असता त्याने वाळूत बोटांनी रेघा ओढल्या आणि मोर्सचे ठिपके व डॅश खाली लांबवले तर जाड व बारीक रेघा होतात हे त्याला सुचले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. पण ती कल्पना व्यवहारात यायला स्वस्त लेसर आणि संगणक यांची वाट पाहावी लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगगमचे एक पाकीट प्रथम अशा रीतीने विकले गेले. चौकोनी ठिपक्यांचा क्यू. आर. कोड मात्र दुकानात जन्मला नाही, तो कारखान्यात जन्मला. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत एकेका पेटीवर अनेक बारकोड वाचावे लागत आणि कामगार त्याला कंटाळले होते. तेव्हा मासाहिरो हारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एकाच चौकोनात भरपूर मजकूर मावेल अशी ही खूण तयार केली.

यंत्र रेघा वाचते म्हणजे काय करते? काळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि पांढरा तो परत फेकतो. वाचकयंत्र खुणेवर प्रकाश टाकते आणि परत येणाऱ्या उजेडाचे चढउतार मोजते. त्यावरून कोणती रेघ जाड, कोणती बारीक आणि मधली जागा किती, हे ठरते. कारखान्यात बरीच वर्षे वापरात असलेल्या 'कोड ३९' या प्रकारात प्रत्येक अक्षरासाठी पाच काळ्या रेघा आणि चार पांढऱ्या जागा असतात. या नऊंपैकी तीन जाड असतात, म्हणून त्याचे नाव तीन-नऊ. वाचकयंत्राचा उजेड बहुधा लाल असतो. त्यामुळे पांढऱ्या कागदावर लाल शाईने छापलेल्या रेघा आपल्याला स्वच्छ दिसल्या, तरी यंत्राला तो कागद कोराच वाटतो.

दुकानी मालावर तेरा अंकांचा बारकोड असतो. त्यातील शेवटचा अंक हा पडताळ्याचा अंक आहे आणि तो काढण्याची रीत आपल्या गणिताच्या तासाला शोभेल अशी आहे. पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८४ असे समजा. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ९+१+३+५+७+४ म्हणजे २९, तिची तिप्पट ८७. दोन्ही मिळून ११५. पुढची दहाच्या पटीतील संख्या १२०, म्हणून तेरावा अंक ५. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर ही बेरीज जमत नाही आणि यंत्र तो क्रमांक स्वीकारत नाही. आरंभीचा ८९० हा आकडा भारतातील संस्थेकडून मिळतो. मात्र त्यावरून माल भारतातच बनला असे सिद्ध होत नाही, कंपनीने क्रमांक येथे घेतला एवढेच कळते. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. या रेघांत किंमत लिहिलेली नसते. असतो तो फक्त क्रमांक. किंमत, वजन, तारीख हे सारे संगणकातील वहीत असते आणि क्रमांक ही त्या वहीची किल्ली असते.

म्हणूनच कारखान्यात बारकोड बसवायचा झाला, तर यंत्रे विकत घेणे ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी वही नीट करण्याची. एकाच बोल्टला खरेदी खाते एक नाव देते, भांडार दुसरे आणि कारागीर तिसरेच. तार किलोने विकत येते आणि मीटरने खर्ची पडते. प्रत्येक वस्तूला एक नाव, एक क्रमांक आणि एक माप ठरेपर्यंत बारकोड लावला, तर जुनाच गोंधळ अधिक वेगाने होईल.

दुसरी पायरी म्हणजे वाचनाची ठिकाणे ठरवणे. कच्चा माल दारात आला, भांडारातून कामावर दिला, प्रत्येक मुख्य क्रिया संपली, तपासणी झाली, पेटी बंद झाली, गाडीत चढली, एवढी ठिकाणे बहुधा पुरतात. ज्या नोंदीचा कुणालाही उपयोग नाही अशी नोंद कामगार दोन दिवस करील आणि तिसऱ्या दिवशी टाळील.

तिसरी पायरी लेबलाची. उष्णतेने काळा होणारा साधा कागद स्वस्त पडतो, बसच्या यंत्रातून निघणारे तिकीट असते तसा. पण भट्टीजवळ तो सगळाच काळवंडतो, उन्हात व तेलात फिका होतो. तेथे शाईच्या फितीने छापलेले पॉलिएस्टरचे लेबल लागते. खुणेच्या दोन्ही बाजूंस कोरी जागा सोडावी लागते, तीही बारीकात बारीक रेघेच्या दहापट. लेबल वाचवण्यासाठी ही जागा कातरली, की यंत्र हटून बसते.

चौथी पायरी वाचकयंत्राची. ते कामगाराच्या हाताशी हवे. प्रत्येक नगासाठी त्याला मागे वळावे लागले तर काम मंदावते. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून दिवाही हवा. आणि वीज गेली किंवा तार तुटली तरी नोंदी यंत्रातच साठून राहतील अशी सोय हवी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही सोय किती अगत्याची आहे, हे सांगणे नलगे!

पाचवी पायरी पडताळ्याची. निदान एक महिना जुनी कागदी कार्डे आणि नवे वाचन दोन्ही चालू ठेवावे आणि रोज संध्याकाळी आकडे ताडून पाहावेत. फरक आला तर तो दडपू नये, त्याचे कारण शोधावे. खरे शिक्षण येथेच होते.

याचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरजवळच्या एका लहान कारखान्याच्या हिशेब खात्यात मी काम शिकण्यासाठी जात होते. तेथे लोखंडी सुटे भाग बनत आणि मजुरी नगावर मिळे. रोज पाळी सुटताना मोजणीवरून कटकट होई. मुकादमाच्या वहीत एक आकडा, कारागिराच्या खडूच्या खुणांत दुसरा, आणि फरक वीस-बावीस नगांचा. रोजंदारीच्या माणसाला वीस नग म्हणजे थोडे नव्हेत. एक जण खोटे बोलत आहे अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. बारकोड आला तेव्हा आता भांडण मिटेल असे सर्वांना वाटले. एक वयस्क कारागीर मात्र म्हणाला, "मशीन तो ठीक है बिटिया, पर मशीन को बताएगा कौन?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पहिल्या आठवड्यात फरक तसाच राहिला. मग एकेका पेटीचा माग काढला, तेव्हा उलगडा झाला. तपासणीत नापास झालेले नग घासून पुन्हा पाठवले जात. कारागीर ते आपल्या मोजणीत धरी, कारण त्याने त्यावर मेहनत केलेली असे. मुकादम ते धरत नसे, कारण माल नवा नव्हता. दोघेही खरेच बोलत होते. दुरुस्तीचे नग मोजायचे की नाही, हे आजवर कुणी ठरवलेच नव्हते. मग दुरुस्तीसाठी वेगळा कोड आणि वेगळा दर ठरला. पाळीच्या शेवटी प्रत्येकाला आपला आकडा पडद्यावर पाहता येईल अशी व्यवस्था झाली. त्यानंतर ती कटकट थांबली. आपल्या विषयाच्या भाषेत सांगायचे, तर दुरुस्तीचा खर्च प्रथमच वेगळा दिसू लागला आणि अर्धवट तयार मालाची किंमत खरी झाली.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवू नये. जे यंत्र नग मोजते तेच वेळही मोजते. कोण कधी जागेवरून उठला, कुणाचा हात सकाळी चालतो आणि कुणाचा दुपारी मंदावतो, हे सारे त्या नोंदीत साठत जाते. मालाचा माग काढण्यासाठी आणलेली वस्तू माणसाचा माग काढण्यासाठी वापरायची की नाही, हा प्रश्न तंत्राचा नाही. तो मालक आणि कामगार यांनी समोरासमोर बसून, यंत्र बसवण्यापूर्वीच सोडवायला हवा. तसेच कार्डे लिहिणाऱ्या कारकुनाचे पुढे काय, हेही आधीच ठरवायला हवे. मी पाहिले त्या कारखान्यात त्या कारकुनालाच लेबले छापण्याचे आणि फरक शोधण्याचे काम दिले. मालाची सर्वांत जास्त ओळख त्यालाच होती, म्हणून ते त्याला साधलेही. पण सगळीकडे तसेच होईल असे मानण्याचे कारण नाही.

वाणिज्याच्या वर्गात आपण 'आधी आला तो माल आधी खर्ची' ही पद्धत शिकतो, साठ्याचे मूल्यांकन शिकतो आणि उदाहरणातले आकडे दिलेलेच असतात. ते आकडे कुणीतरी, कुठेतरी, तेलकट हातांनी नोंदवलेले असतात, याचा विसर पडू नये. आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीत एकदा तरी जावे आणि परवानगी मिळाली तर एका पेटीमागे दारापासून गाडीपर्यंत चालत जावे. तिची नोंद किती ठिकाणी झाली, कोणी केली, आणि पेटी मागे वळली तेव्हा नोंद तिच्याबरोबर वळली का, एवढे पाहिले तरी परिव्ययलेख्याचे निम्मे पुस्तक समजल्यासारखे होईल.