पुस्तकाचा चेहरा



वाचनालयाच्या कपाटात पुस्तकाची पाठ तेवढी दिसते, मुखपृष्ठ दिसत नाही. त्या अर्ध्या इंचाच्या पट्टीवरचे नाव वाचता आले नाही, तर उत्तम पुस्तकही वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. आपल्या कपाटात अशी पुस्तके आहेत. शिवाय यंदा मुलांचे हस्तलिखित प्रथमच छापायचे आहे आणि त्याच्या रूपावरून मतभेद आहेत. म्हणून हा विषय.

मोठ्या प्रकाशकाकडे जाहिरातीला पैसा असतो, दुकानात जागा असते. छोट्या साहित्यिक प्रकाशकाचे पुस्तक हीच त्याची जाहिरात. आकार, अक्षर, कागद, बोधचिन्ह यांत सातत्य राहिले की वाचक लांबूनच म्हणतो, हे अमक्यांचे पुस्तक.

याचे उत्तम उदाहरण अरुण कोलटकर. कोल्हापूरचे हे कवी मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहीत, पण त्यांचा चरितार्थ चालला तो जाहिरात व्यवसायातल्या आर्ट डायरेक्टरच्या कामावर. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघा कवींनी स्वतःच 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशन संस्था काढली. १९७६ साली तिची पहिली पुस्तके आली. मांडणी कोलटकरांची. नेहमीचा उभा आकार सोडून त्यांनी चौरसाकडे झुकणारा आकार घेतला. रुंद पानावर कवितेची लांब ओळ मोडावी लागत नाही, आणि इतर पुस्तकांत हे पुस्तक वेगळे उठून दिसते. 'जेजुरी' त्यातलेच, १९७७ साली त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळाले. त्यांच्या मराठी कविता अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने काढल्या. पहिला संग्रह १९७७ चा, 'भिजकी वही' २००३ ची. एवढ्या वर्षांत ना कवीने घर बदलले, ना घराने घाऊक माल काढला. ओळख अशीही तयार होते.

अर्थात नुसत्या मुखपृष्ठाने भागत नाही. 'मौज'चा दबदबा श्री. पु. भागवतांचे संपादन आणि काटेकोर मुद्रण यांच्यावर उभा राहिला. आत शुद्धलेखनाच्या चुका असतील तर बाहेर सोनेरी अक्षरे छापून उपयोग नाही.

आता अक्षराबद्दल. आपली मुले चलथाणच्या रस्त्यावरून गुजराती पाट्या वाचत शाळेत येतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, मराठीला आहे. तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. म्हणून मराठी मजकुरात दोन ओळींमध्ये जागा मोकळी सोडावी लागते. ती वाचवली की पान काळेकुट्ट दिसते आणि मूल पुस्तक मिटते. मुखपृष्ठावर मात्र हीच शिरोरेषा कामाला येते. सगळे नाव ती एका दोरीत बांधते.

खर्चाचे गणितही समजून घ्या. छापखान्यात पुस्तक फॉर्मच्या हिशेबाने छापतात आणि एका फॉर्ममध्ये साधारण १६ पृष्ठे बसतात. आपला मजकूर १३२ पृष्ठांचा आहे. आठ फॉर्मची १२८ होतात. उरलेल्या चार पृष्ठांसाठी निराळी छपाई आली. काही जण अक्षर बारीक करा म्हणतात. आमचे मत, शुभेच्छा संदेशांची चार पृष्ठे कमी करावीत. मान्यवरांची छायाचित्रे मुखपृष्ठावर नकोत, आत जरूर असावीत. विश्वस्त मंडळींना हे रुचेल की नाही ठाऊक नाही, पण पुस्तक मुलांचे आहे.

इयत्ता पाचवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकाच्या नावाची अक्षरे हाताने रेखाटून पुढच्या शनिवारपर्यंत चित्रकलेच्या सरांकडे द्यावीत. १२८ पृष्ठांच्या पुस्तकाची पाठ जेमतेम पाव इंचाची होते. तेवढ्या पट्टीवर ते नाव तीन पावलांवरून वाचता यावे, एवढीच अट आहे.