नांदूर मध्यमेश्वर : पाटाकाठची सायकलवाट

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. गाळ साचून पाणी उथळ झालं आणि माणसाच्या हातून नकळत एक समृद्ध पाणथळ घडली. १९८६ मध्ये ती अभयारण्य झाली, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली.

गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे या बंधाऱ्यापासूनच निघतात. पाटाला उतार अगदी नाममात्र, म्हणून काठच्या वाटेवर चढ जवळपास नाहीच. त्रास बाभळीच्या काट्यांचा; जादा ट्यूब आणि पंप हवेतच. पावसाळ्यात मात्र जाऊ नये, काळी माती मडगार्डात गच्च बसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेव्हा स्थलांतरित बदकंही असतात. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याजवळ सायकल लांब लावून चालत जा, घंटी वाजवू नका; पक्षी बिचकतात.