अठरा दिवसांचा पगार

तीन महिन्यांपूर्वी शेजारची मुलगी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आली होती. परवा रविवारी पुन्हा आली ती रिकाम्या हातांनी, आणि चेहरा तोंडी परीक्षेला निघाल्यासारखा. दुसऱ्या कंपनीने बोलावले होते. इथे वर्षाला साडेसहा लाख, तिथे नऊ. "काका, तुम्ही बँकेत होतात. सांगा ना, काय करू?"

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला असे विचारले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. नऊ लाखांचा कागद पुढ्यात घेतला. त्यातले एक लाख 'कामगिरी पाहून' मिळायचे. भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा त्यातच धरलेला, ग्रॅच्युइटीही त्यातच. आणि कायम नोकरीत ती हाती पडायला सलग पाच वर्षे काढावी लागतात. शिवाय आज हिंजवडी, उद्या खराडी. म्हणजे कोथरूडहून रोज शहर ओलांडणे आले. एवढी वजाबाकी करूनही चांगले काही उरत होते, आणि काम तिच्या शिक्षणाला धरून होते. मी म्हटले, "जा." मंदी आली की कंपन्याही तीन महिन्यांच्या माणसाला घरी पाठवताना फार रडत नाहीत. फक्त नेमणुकीचे पत्र हाती येईपर्यंत इथला राजीनामा द्यायचा नाही.

तरी ती उठेना. "बाबांच्या आजारपणात माझं एक वर्ष गेलं, तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. या साहेबांनी घेतलं. त्यांना तोंड कसं दाखवू? मेल टाकून मोकळी होते. आणि हे तीन महिने बायोडेटात लिहितच नाही."

लिहिले नाहीत म्हणून ते लपत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आला. नोकऱ्या बदलल्या तरी तो एकच राहतो आणि सगळी साखळी त्यावर दिसते. पण मला त्या क्षणी आठवले ते कोल्हापूर.

१९८३ च्या जानेवारीत, बी.कॉम. होऊन दीड वर्ष घरी बसल्यावर, मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत हिशेबनीस म्हणून लागलो. पगार ४५० रुपये. मालक स्वतः शेजारी बसून कीर्द-खतावणी शिकवत. कॉलेजात शिकलो त्याहून जास्त मी त्या लाकडी टेबलावर शिकलो. मार्चमध्ये बँकेचे पत्र आले. पगार जवळजवळ दुप्पट. जायचे की नाही हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. प्रश्न मालकांना सांगण्याचा होता, आणि तो मी सोडवला नाही. १८ तारखेला संध्याकाळी नेहमीसारखा निघालो, दुसऱ्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या धाकट्या भावाबरोबर पाठवल्या आणि राजीनामा पोस्टात टाकला. वर्षअखेर तेरा दिवसांवर, वह्या अर्धवट. अठरा दिवसांचा पगार मागायला जाणे शक्यच नव्हते.

पुढे १९९६ मध्ये बदली होऊन मी कोल्हापूरच्याच शाखेत अधिकारी म्हणून गेलो. (उद्यमनगरकडे जाणारा रस्ता मी पहिले दोन महिने टाळला, हेही सांगून टाकतो.) एके दिवशी कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन समोर मालकच. केस पांढरे झालेले. मी त्यांचे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिले आणि चहा मागवला. काय बोलावे सुचेना. तेच म्हणाले, "बँकेत लागलासा ते ब्येस केलंसा. पर तुमचं अठरा दिवसांचं देणं हाय आमच्याकडं. दरसाल नव्या वहीत पुढं वढतोय. एकदा येऊन घिऊन जावा, म्हंजे खातं मिटंल."

गेलो. २७० रुपये मोजून दिले, व्हाउचरवर सही घेतली. त्या वर्षीचा मार्चअखेर त्यांनी आणि त्यांच्या मुलीने रात्री जागून उरकला होता, एवढेच जाता जाता म्हणाले.

मुलगी हे ऐकून काही न बोलता घरी गेली. सोमवारी रात्री जिन्यात भेटली. "केबिनमध्ये जाऊन सांगितलं, काका. साहेब बराच वेळ गप्पच होते. मग विचारलं, हातातलं काम कधी संपवून देतेस?"

नव्या कंपनीकडे तिने महिन्याची मुदत मागितली आहे.