शिष्याचा जामीनदार

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमधल्या थीब्ज शहरात क्रेटीझ नावाचा एक सधन माणूस होता. तत्त्वज्ञानाचा ध्यास लागला आणि त्याने आपली सगळी मालमत्ता विकून टाकली. पैशांचं पुढे काय केलं, याबद्दल जुन्या चरित्रकारांत एकवाक्यता नाही. कोणी म्हणतात, गावाला वाटून टाकले. पण एक हकीकत अशी आहे की, त्याने ती रक्कम एका सराफाकडे ठेव म्हणून ठेवली आणि अट घातली. माझी मुलं चारचौघांसारखी निघाली तर हे पैसे त्यांना द्या. तत्त्वज्ञ निघाली तर लोकांत वाटून टाका, कारण मग त्यांना पैशांची गरजच उरणार नाही.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. ठेवींच्या नाना तऱ्हा पाहिल्या. अज्ञान मुलांच्या नावच्या, मुलीच्या लग्नासाठी राखलेल्या, एका भावाला कळू न देता दुसऱ्यासाठी ठेवलेल्या. पण मुलगा शहाणा निघाला तर त्याला एक पैसाही देऊ नका, असं सांगणारा खातेदार माझ्या टेबलासमोर कधी बसला नाही. हकीकत खरी असो वा रचलेली, सांगणाऱ्याने त्या काळच्या शिष्याचं मर्म बरोबर पकडलं आहे. गुरूकडे गेलेल्या माणसाच्या गरजांची यादीच बदलते, असं ग्रीक मानत.

शब्दांकडे पाहिलं तर मात्र गोष्ट साधी वाटते. आपला ‘शिष्य’ शब्द ‘शास्’ धातूवरून आला. शासन, अनुशासन ही त्याचीच भावंडं. ज्याला वळण लावायचं तो शिष्य. ग्रीक भाषेत ‘मॅथेटेस’ म्हणजे शिकणारा. मॅथेमॅटिक्स हा शब्द त्याच कुळातला. बायबलच्या नव्या करारात येशूच्या अनुयायांसाठी हाच शब्द आहे. गंमत अशी की चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये एवढ्यातच तो येतो. पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही.

पण शब्द साधा असला तरी शिकणं साधं नव्हतं. पायथागोरसच्या पंथात नवख्याला पाच वर्षं मौन पाळावं लागे, असं परंपरा सांगते. ॲरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमीत सुमारे वीस वर्षं राहिला आणि नंतर गुरूशी असलेले मतभेद त्याने मोकळेपणाने मांडले. या सगळ्या कथा आपण शिष्याच्या बाजूने वाचतो. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. सभेत कोण काय बोललं यापेक्षा त्या वेळी घरी कोण होतं, याकडे त्याचं लक्ष जातं.

सॉक्रेटिसचंच घ्या. ख्रिस्तपूर्व ३९९ साली खटल्यात त्याने सांगितलं की मी कधी कोणाचा गुरू नव्हतो, मी कोणाकडून पैसे घेतले नाहीत, आणि माझी गरिबीच याची साक्ष आहे. वाचताना आपण भारावतो. पण ती गरिबी एकट्या सॉक्रेटिसची नव्हती. घरी झांथिपी होती आणि तीन मुलं होती. त्यांतली दोन तर अगदी लहान. शेवटच्या दिवशी शिष्य तुरुंगात आले, तेव्हा ती धाकट्याला घेऊन त्याच्यापाशी बसली होती. शिष्यांना पाहून तिने आकांत केला. सॉक्रेटिसने क्रिटोला सांगितलं की हिला कोणी तरी घरी घेऊन जा. संध्याकाळी बायकामुलांना पुन्हा थोडा वेळ भेटवलं आणि परत पाठवलं. मधला सारा दिवस आत्म्याच्या अमरत्वावर चर्चा झाली. ती चर्चा थोर आहेच. पण पुढे शतकानुशतकं झांथिपीला कजाग बायको म्हणून जगभर हसण्यात आलं, हे मला कधी पटलं नाही. त्या घराचा वाणसामान-हिशेब कोणी लिहून ठेवला असता, तर कदाचित आपण वेगळं बोललो असतो.

कर्जाच्या कागदावर दोन सह्या असतात. एक घेणाऱ्याची, दुसरी जामीनदाराची. शिष्यत्वाच्या कागदावर दुसरी सही कोणी विचारत नाही. वसुली मात्र होते.

येशूच्या काळच्या यहुदी समाजात पंडिताच्या पायाशी बसून शास्त्र शिकण्याची रीत होती. पौल असाच गमलीएलच्या पायाशी बसून शिकला होता. सहसा विद्यार्थी गुरू शोधत जाई आणि शिकून झालं की स्वतः गुरू होई. गालीलच्या सरोवराकाठी उलटं घडलं. तिथे गुरूच शिष्य शोधत आला. शिमोन आणि अंद्रिया जाळं टाकत होते, याकोब आणि योहान जाळी नीट करत होते. त्याने हाक मारली आणि ते उठले. मार्क इथे एक बारकावा नोंदवतो, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. याकोब आणि योहान यांनी आपल्या बापाला, जब्दीला, होडीत मजुरांबरोबर सोडलं, असं तो सांगतो. मजूर होते, म्हणजे धंदा बरा चालला होता आणि म्हातारा अगदीच एकटा पडला नाही. पण संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितलं असेल?

जकातनाक्यावर बसलेल्या लेवीचा प्रसंग मला अधिक जवळचा. कोळी पुन्हा जाळ्याकडे येऊ शकतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी ते मासे धरायला परतलेले दिसतातही. जकातदाराची जागा मात्र रिकामी राहत नाही. आमच्याकडे संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय टेबल सोडता येत नसे. हा गृहस्थ हाकेसरशी उठला आणि चालू लागला. त्या दिवसाचा हिशेब कोणी मिटवला, हे शुभवर्तमान सांगत नाही.

याचा अर्थ येशूला हिशेबाचं वावडं होतं असा नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात मोठी गर्दी त्याच्यामागे चालली आहे. तो वळून त्यांना बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त देतो. बांधायला घेण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करायला नको का? पाया घातला आणि पैसे संपले तर लोक हसतील. प्रकल्प अहवाल घेऊन येणाऱ्या कितीतरी उत्साही लोकांना आम्ही हेच समजावत असू. गिऱ्हाईकांची रीघ लागलेली असताना अटी मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस प्रामाणिक म्हटला पाहिजे.

आणि अट भयंकर आहे. आईबाप, बायकामुलं, भावंडं, इतकंच काय स्वतःचा जीव, या सगळ्यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येणार नाही, असं लूक लिहितो. त्या भाषेत ‘द्वेष’ म्हणजे तुलनेने कमी प्रेम, असं अभ्यासक सांगतात. मत्तयही तेच मवाळ शब्दांत मांडतो आणि त्याच्या यादीत बायको नाही. मला ही मवाळी समजते. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर खरी घरं आली असावीत.

कारण शिष्यांना घरं होती. पेत्राची सासू तापाने पडली होती आणि येशूने तिला बरं केलं, म्हणजे बायको होती. शुभवर्तमानांत तिचं नाव नाही. पुढे पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की पेत्र बायकोला घेऊन फिरतो. एवढ्या एका वाक्याने मला फार हायसं वाटलं. जाळी टाकून गेलेला माणूस पुढे केव्हा तरी तिलाही बरोबर घेऊन निघाला होता.

आणि या मंडळींचा रोजचा खर्च? लूक तोही सांगतो. मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पदरच्या पैशांनी तो भागवत होत्या. बारा जणांची नावं पाठ असणाऱ्यांना यातली एखादी तरी आठवते का, पाहा. अटकेच्या रात्री पुरुष शिष्य पळाले. क्रूसापासून काही अंतरावर उभ्या राहिल्या त्या बायका. त्या गालीलात त्याच्यामागे चालत होत्या, असं सांगताना मार्क शिष्यांसाठी वापरलेलंच क्रियापद वापरतो. ‘शिष्या’ हे स्त्रीलिंगी रूप मात्र नव्या करारात एकदाच येतं, यापोच्या टबीथासाठी. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा तिने शिवून दिलेले कपडे रडत रडत दाखवत होत्या.

मराठीत हा दुसऱ्या सहीचा हिशेब एका बाईने स्वतः लिहून ठेवला आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना त्यांनी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत, पण घर मोडलेलं, नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे, पदरात एक लहान मुलगा. हे सारं ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यात रडगाणं नाही, उलट हसवणारे प्रसंगच जास्त. क्रेटीझच्या मागे हट्टाने गेलेली हिपार्किया नावाची एक मुलगी होती. क्रेटीझने अंगावरचे कपडे उतरवून तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, हा नवरा आणि ही त्याची इस्टेट, आता ठरव. तिने ठरवलं. लक्ष्मीबाईंना असं कोणी विचारलं नाही. तरी सुमारे पाच वर्षांनी, आपल्या मनाचं समाधान झाल्यावर, आपल्या पायांनी त्या तिथे पोचल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा संसार पुन्हा एकदा पणाला लागला.

टिळक १९१९ साली गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्याच आग्रहाने. ते काव्य त्यांनी पुढे चालवलं. आज त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत.