पगार, सरंजाम आणि फुटलेली फौज

सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद यांनी ४ डिसेंबर २०२४ रोजी सैनिकांच्या पगारात ५० टक्के वाढ जाहीर केली आणि ८ डिसेंबरला त्यांची राजवट संपली. वाढीव पगार हाती पडण्याआधीच हजारो सैनिक गणवेश रस्त्यावर टाकून घरी निघून गेले होते. बातमीचा उरलेला भाग सर्वांना ठाऊक आहे. यादवीत सैनिक नेमका कोणाचा असतो, हा तिच्यामागचा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी रोमचा इतिहास उघडण्याची प्रथा असली तरी परभणी जिल्ह्यातल्या चुडावा-पूर्णा परिसरातील वाचकाला गोदावरीचा काठही पुरेसा आहे.

रोमचा दाखला थोडक्यात असा आहे. इसवी सन पूर्व १०७ मध्ये मारियस या सेनापतीने मालमत्ता नसलेल्या नागरिकांना लष्कराचे दार उघडले आणि निवृत्तीनंतर जमीन मिळवून देणारा आपला सेनापतीच, सेनेट नव्हे, अशी सैनिकांची धारणा पुढील काळात घट्ट होत गेली. सीझरच्या खुनानंतर, इसवी सन पूर्व ४४ मध्ये, त्याचा सेनापती अँटनी याने आपल्या सैनिकांना माणशी १०० देनारियस, म्हणजे रोमची चांदीची नाणी, देऊ केली. सीझरचा दत्तकपुत्र असलेल्या तरुण ऑक्टेव्हियनने ५०० देऊ केली आणि अँटनीची दोन सैन्यदळे त्याच्याकडे गेली. तरीही हा केवळ लिलाव होता असे म्हणणे उथळपणाचे ठरेल, कारण दोन्ही बाजू स्वतःला सीझरचे वारस म्हणवीत होत्या आणि सैनिकाच्या दृष्टीने त्याने निष्ठा बदललेलीच नव्हती. जिच्यावर निष्ठा होती ती गोष्टच दुभंगली होती.

हेच चित्र १७६२-६३ मध्ये मराठी मुलखात दिसते, आणि तेथे ते अधिक गुंतागुंतीचे आहे. पानिपतानंतर पेशव्यांच्या गादीवर आलेला थोरला माधवराव आणि त्याचा चुलता रघुनाथराव यांच्यातील वाद नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीकाठच्या लढाईपर्यंत गेला, आणि निजामाची मदत घेतलेल्या चुलत्याच्या छावणीत आळेगाव येथे १२ नोव्हेंबरला माधवराव स्वतः जाऊन त्याच्या स्वाधीन झाला. फौज दोन्हीकडे पेशव्यांचीच होती. त्यानंतर रघुनाथरावाने पटवर्धनांकडून मिरज घेतली, म्हणून गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेला. नागपूरचा सेनासाहेबसुभा जानोजी भोसले याला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने थेट छत्रपतिपदाचे स्वप्न दाखविले, म्हणून तोही तिकडे गेला आणि १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे जाळणाऱ्या फौजेबरोबर होता. पेशव्यांनी ३२ लाखांचा मुलूख कबूल करताच तोच जानोजी निजामापासून अलग झाला आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे, निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेलेला आणि त्याचा दिवाण पुरामुळे अलीकडे अडकलेला असताना, विठ्ठल सुंदर मारला गेला. पटवर्धनांना मिरज परत मिळाली. जानोजीला मात्र १७६६ मध्ये त्या ३२ लाखांपैकी २४ लाखांचा मुलूख परत करावा लागला, आणि तो वसूल करण्यासाठी पेशव्याने याच निजामाची मदत घेतली.

धर्माभिमानाचे स्पष्टीकरणही येथे अपुरे पडते. १७६१ च्या अखेरीस निजामाच्या स्वारीत गोदावरीकाठच्या टोक्याची देवळे मोडली गेली तेव्हा त्याचा सरदार रामचंद्र जाधव पेशव्यांकडे आला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु त्याच्याबरोबर निजामाचा भाऊ मीर मोगलही आला होता, हे सांगण्यास बहुतेक जण विसरतात.

डच इतिहासकार आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सगळ्याचा जो अर्थ लावला तो अजूनही अनेकांना रुचत नाही. त्यांच्या मते समोरच्या पक्षातील कलह हेरून त्याची माणसे वतन-इनामाच्या आश्वासनाने फोडणे ही अठराव्या शतकातील राजकारणाची विकृती नव्हती, तर राज्य उभे करण्याची आणि वाढविण्याची ती नित्याची रीत होती; लढाई हे त्या वाटाघाटीचेच एक अंग होते. मराठी वाचकाला लहानपणापासून फितुरांची नावे शिव्यांसारखी पाठ करून दिलेली असल्याने हा सिद्धान्त झोंबतो, पण जानोजीचे वर्तन त्याखेरीज दुसऱ्या कशाने उलगडत नाही. त्याची मर्यादा वेगळीच आहे. तो सरदाराला लागू पडतो, कारण सरदाराजवळ सरंजाम होता, म्हणजे फौज बाळगण्याच्या मोबदल्यात मिळालेला मुलखाचा महसूल, आणि मुलूख दोन्ही पक्ष देऊ शकत होते. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर हे सरदाराच्या मागे जात. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला गारदी, म्हणजे रोख पगारी पायदळ शिपाई, याला मात्र ना वतन होते ना वारसा, आणि त्याच्या निष्ठेला महिन्याची मुदत होती. इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून आला आणि पानिपतावर पेशव्यांसाठी लढताना पकडला जाऊन मारला गेला; ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून शनिवारवाड्यात शिरले आणि त्यांनी पेशवा नारायणरावाला ठार मारले. माणूस कोणत्या जातीचा वा धर्माचा यापेक्षा त्याचा हिशेब चुकता होता की नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यानंतर रघुनाथरावाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, यादवीने हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावाने बारभाईंच्या त्र्यंबकराव पेठ्यांचा पराभव केला. पण १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव जन्मला, वारसाचा प्रश्न निकाली निघाला आणि विजयी सेनापतीची फौज पांगू लागली. वर्षभरात, मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने, रघुनाथरावाने दरमहा दीड लाख रुपयांवर इंग्रजांकडून अडीच हजारांची फौज अक्षरशः भाड्याने घेतली.

पगार थकण्याची सर्वांत मोठी किंमत मात्र निजामाने मोजली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीला, म्हणजे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या गावी होती. तिच्या खर्चाची बाकी फिटेना म्हणून १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले, आणि १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने ते इंग्रजांकडेच राहिले.