५० नॉट म्हणजे नेमके किती?

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत एक नियम फार मानाने सांगितला जातो. शर्यतीत उतरायचे की नाही आणि उतरल्यावर पुढे जायचे की माघारी फिरायचे, हा निर्णय सर्वस्वी त्या नौकेचा. नियम रास्तच आहे. वाऱ्याचा रोख, बोटीची ताकद आणि माणसांचा दम यांचा अंदाज सुकाणू धरणाऱ्याइतका किनाऱ्यावर बसलेल्याला येत नाही. मात्र सिडनी-होबार्ट शर्यतीचा इतिहास, विशेषतः १९९८ साल, नीट पाहिले तर या नियमाची दुसरी बाजू दिसते. ज्याच्यावर निर्णय सोपवायचा, त्याला लागणारी माहिती त्याला उमजेल अशा रूपात पुरवणे हे सोपवणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते न करता नियमाकडे बोट दाखवणे म्हणजे जबाबदारी झटकणे.

ही शर्यत १९४५ साली सुरू झाली. सिडनीच्या क्रूझिंग यॉट क्लबची काही मंडळी बोटी घेऊन टास्मानियातील होबार्टपर्यंत सहलीला निघणार होती. ब्रिटिश नौदलातील कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांनी सहलीऐवजी शर्यतच लावू, असे सुचवले. नऊ बोटी उतरल्या आणि ‘रानी’ या बोटीवरून खुद्द इलिंगवर्थच जिंकले. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी २६ डिसेंबरला सिडनी बंदरातून ६२८ सागरी मैलांची, म्हणजे जवळपास ११६० किलोमीटरची ही दौड सुटते. तिचा धोका भूगोलातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उष्ण पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. बोटींना त्याचा फायदा मिळतो. पण दक्षिणेकडून वादळी वारा उलटा आला, की वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या होतात. त्यात ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी उथळ, सरासरी साठेक मीटर खोलीची. तिथे लाट जागच्या जागी फुटते.

१९९८ साली ११५ बोटी निघाल्या. दुपारी एकला शर्यत सुटली आणि थोड्याच वेळात हवामान खात्याने आपला इशारा वाढवून वादळाचा केला. दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनीच्या तोंडाशी ताफा त्या वादळात सापडला. ४४ बोटी होबार्टला पोहोचल्या, पाच बुडाल्या, ५५ जणांना वाचवावे लागले आणि सहा खलाशी दगावले. १९४५ च्या पहिल्या शर्यतीत धावलेली ‘विन्स्टन चर्चिल’ ही लाकडी बोट बुडाली आणि तिच्यावरून जीवरक्षक तराफ्यात उतरलेल्यांपैकी तिघांना लाटांनी हिरावून नेले. ‘सोर्ड ऑफ ओरायन’ उलटली, तेव्हा ब्रिटनचे ऑलिम्पिक नौकापटू ग्लिन चार्ल्स समुद्रात फेकले गेले.

इशारा बोटींपर्यंत पोहोचला नव्हता, असे नाही. ठरलेल्या वेळी रेडिओवरून प्रत्येक बोटीची हजेरी होते, तेव्हा हवामानही वाचून दाखवले जाते. पोहोचला नाही तो त्याचा अर्थ. हवामान खाते वाऱ्याचा जो वेग सांगते, तो दहा मिनिटांची सरासरी असतो. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जोरदार असू शकतो. म्हणजे ५० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ऐकले, तर ७० नॉटची, ताशी १३० किलोमीटरची तयारी हवी. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ५० चे ७० झाले की शिडावरचा आणि डोलकाठीवरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. लाटेच्या उंचीचेही तसेच. अंदाजात सांगितलेल्या उंचीपेक्षा एखादी लाट दुप्पटही येऊ शकते. अनेक अनुभवी कप्तान मात्र सांगितलेला आकडा हीच कमाल मर्यादा धरून चालले होते. २७ तारखेच्या दुपारी ‘सोर्ड ऑफ ओरायन’ने रेडिओवर आपण ७८ नॉटचे झोत झेलत असल्याचे सांगितले, तेव्हा खरा आकडा साऱ्या ताफ्याने ऐकला. तो सांगितला एका स्पर्धकाने, आयोजकांनी नव्हे.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. शर्यत रद्द केली असती, तरी बोटी समुद्रातच असत्या. माघारी वळणे सुरक्षित होते असेही नाही. ‘सोर्ड ऑफ ओरायन’ परतीच्या वाटेवरच उलटली. उलट ‘एएफआर मिडनाइट रँब्लर’ ही अवघी ३५ फुटांची बोट लाटांना तोंड देत पुढे गेली आणि हँडिकॅपच्या, म्हणजे बोटींमधला फरक जमेस धरणाऱ्या, हिशेबात विजेती ठरली. हे सारे मान्य. वादळाच्या पोटात शिरल्यावर किनाऱ्यावरून कुणी काही करू शकत नव्हते. पण इशारा आणि संकट यांच्यामध्ये जवळपास एक दिवस होता. ईडन बंदर वाटेतच होते. त्या अवधीत आकड्यांचा अर्थ कुणी समजावला असता, तर आसरा घ्यायचा की नाही हे कप्तानांनी डोळसपणे ठरवले असते. मृत्यूंची चौकशी करणारे कोरोनर जॉन ॲबरनेथी यांनी डिसेंबर २००० मध्ये दिलेल्या निष्कर्षात आयोजक क्लबने शर्यतीच्या व्यवस्थापनाची जबाबदारीच सोडून दिल्याचा ठपका ठेवला. तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप असा, की नियम वाढवले की साहस उरत नाही. इथे मी सहमत नाही. पुढे आलेला ग्रीन केपचा नियमच पाहा. सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी, ग्रीन केप या भूशिरापाशी, कप्तानाने रेडिओवर सांगायचे: इंजिन, रेडिओ, तराफा ठीक आहेत, माणसे धडधाकट आहेत, ताजा अंदाज विचारात घेतला आहे आणि मी पुढे जातो आहे. निर्णय अजूनही त्याचाच. फक्त तो विचार करून घ्यावा लागतो. हवामान खात्याच्या सागरी इशाऱ्यांतही आता झोत ४० टक्के अधिक आणि लाटा दुप्पट असू शकतात, हे स्पष्ट लिहिलेले असते.

धोका यामुळे संपलेला नाही. २०२४ च्या शर्यतीत शिडाच्या दोर-दांड्यांच्या तडाख्याने दोन वेगवेगळ्या बोटींवर दोघांचा जीव गेला. त्याच रात्री तिसऱ्या एका बोटीवरून वाहून गेलेला खलाशी मात्र अंगावरच्या संकेतयंत्रामुळे सापडला आणि वाचला. १९७९ साली ब्रिटनच्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ खलाशी दगावले, तेव्हाच जगभरच्या आयोजकांना धडा मिळाला होता. सिडनीत तो गिरवायला आणखी १९ वर्षे आणि सहा मृत्यू लागले. निर्णय नौकेचा, हे वाक्य नियमपुस्तकात राहू द्यावे. आयोजकांनी काय सांगायला बांधील असावे, तेही त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे छापले पाहिजे.